तराजूचे दुसरे पारडे

संक्रांत जवळ आली की आमच्या सोलापूरचे रूप पालटते. भोगीला श्रीसिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि किंक्रांतीला होमविधी होतो. या सोहळ्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते मानकऱ्यांच्या कोणत्याही यादीत नसलेल्या एका माणसाविषयी, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराविषयी.

भोगीच्या आदल्या रात्री गृहिणीच्या ध्यानात येते की, बाजरीच्या भाकरीवर लावावयास तीळच उरले नाहीत. अशा वेळी पन्नास पावलांवर दिवा तेवत असतो. धाकटे पोर धावत जाते. दुकानदार चेहरा पाहूनच घर ओळखतो आणि तिळाची पुडी बांधता बांधता 'आजीला कापूर हवा असेल' याचेही स्मरण देतो. एकाशी कानडीत, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्याशी मराठीत बोलणारा हा गृहस्थ सोलापुरातच भेटावा! यंत्रमागावरच्या कामगाराच्या आणि विड्या वळणाऱ्या माउलीच्या घरी पैसा आठवड्याने येतो. भूक मात्र रोज लागते. या दोहोंमधले अंतर त्याची वही भरून काढते. आमच्या वडिलांची बिदागीही सण सरल्यावर हाती येई, पण त्या वहीमुळे आमच्या घरची एकही संक्रांत गुळावाचून गेली नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. जटांत पाखरांनी घरटे केले तरी तो ढळला नाही आणि त्याचाच त्याला गर्व झाला. तेव्हा धर्म शिकण्यासाठी त्याला काशीच्या तुलाधाराकडे जावे लागले. हा तुलाधार कोणी ऋषी नव्हता, दुकानदार होता. सर्व प्राणिमात्रांसाठी आपला तराजू सारखाच, हीच त्याची साधना. आमच्या तुकोबारायांचे घराणेही वाण्याचेच. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते.

ही आख्याने आम्ही कीर्तनातून शेकडो वेळा सांगितली. पण कबूल केले पाहिजे की, गेल्या वर्षी आमच्याच घरी महिन्याचा किराणा शहरातल्या मोठ्या दुकानातून रोखीने येत होता. ऐन सणात गूळ कमी पडला, तेव्हा मात्र आम्ही कोपऱ्यावर उधारीसाठी उभे राहिलो. दुकानदाराने एक शब्द न बोलता गूळ तोलला. लिहिण्यासाठी त्याने वही उघडली, मागची पाने उलटली. कित्येक महिने तीत आमचे नावच नव्हते. सन 2020 च्या टाळेबंदीत याच माणसाने अर्धे दार उघडे ठेवून साऱ्या गल्लीला धान्य पुरविले होते. त्या क्षणी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आम्हीच होतो, आणि हलके ठरलो.

स्वस्त मिळेल तेथून घेणे हा दोष नव्हे. प्रपंच काटकसरीनेच चालतो. परंतु रोकड दूरच्या दुकानाला आणि उधारी तेवढी जवळच्याला, हा न्याय नव्हे. अशाने एके दिवशी कोपऱ्यावरचा दिवा विझेल, आणि मग आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्या घराने रात्री कोणाचे दार ठोठवावे? दुकानदाराने तुकोबांप्रमाणे खते बुडवावीत अशी अपेक्षा करण्याआधी आपण ती फेडावीत, हे बरे.

संस्कृतात दुकानाला 'आपण' म्हणतात. मराठीतला 'आपण' व्युत्पत्तीने निराळा, तो 'आत्मन्' पासून आलेला. तरीही कोपऱ्यावरच्या त्या फळीपाशी हे दोन्ही शब्द एकत्र येतात, असे आम्हांस वाटते. म्हणून वाचकहो, यंदा देवापुढे तिळगूळ ठेवल्यावर दुसरी वाटी घेऊन त्या दुकानाची पायरी चढावी, मागली बाकी चुकती करावी आणि पुढल्या महिन्याची यादीही तेथेच द्यावी. आम्ही आमची यादी लिहून ठेवली आहे.