इंग्रजी शब्दांना मराठी खुंटी

राज्यात २००० सालापासून इयत्ता पहिलीतच इंग्रजीचा प्रवेश झाला. तथापि शब्दार्थ शिकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली: एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस अर्थ आणि मग घोकंपट्टी. परीक्षा आटोपताच शब्द विरून जातात. ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही, तेथील मुलाचे यात अधिक नुकसान होते. शाळेबाहेर तो शब्द त्याला पुन्हा भेटतच नाही.

यावर एक बिनखर्ची उपाय आहे. नव्या शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा परिचित मराठी शब्द घ्यावयाचा आणि दोहोंना जोडणारे चित्र मनात उभे करावयाचे. ‘मड’ म्हणजे चिखल. मडके त्यातूनच घडते. ‘पुअर’ म्हणजे गरीब; पुरात घरदार वाहून गेलेला माणूस डोळ्यांपुढे आणावा. ‘टॉल’ म्हणजे उंच, जणू टोलेजंग. ‘मोट’ म्हणजे किल्ल्याभोवतीचा खंदक. बैल मोटेने त्यात पाणी ओतीत आहेत, अशी कल्पना करावी. अर्थात आजच्या बहुतेक मुलांनी मोट पाहिलेलीच नसते! म्हणून खुंटी मुलाच्या ओळखीची हवी. ती गावागणिक वेगळी असणार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील अ‍ॅटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये या पद्धतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द शिकविण्यात आले. चाचणीत या पद्धतीने शिकलेल्यांना ७२ टक्के, तर इतरांना ४६ टक्के अर्थ आठवले. सहा आठवड्यांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ४३ व २८ टक्के झाले. लाभ टिकला, पण विस्मरणही झालेच. त्या प्रयोगात जुळणारे शब्द विद्यार्थ्यांना पुरविण्यात आले होते, हेही ध्यानी घ्यावे. शिक्षकांनी खुंटी सुचवावी, चित्र मात्र मुलाने रंगवावे.

काही शब्दांत जुळणी योगायोगाची नसून खऱ्या नात्याची असते. दार आणि ‘डोअर’, नाव आणि ‘नेम’, बैलाच्या मानेवरचे जू आणि ‘योक’ हे एकाच कुळातले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये मांडले होते. मडक्याचे तसे नाही, हे वर्गात स्पष्ट सांगावे.

पंचायतीच्या कामकाजातील शब्दही उकलून पाहण्याजोगे आहेत. ‘बजेट’ म्हणजे मुळात चामड्याची छोटी थैली, आपला बटवाच म्हणा. ‘ऑडिट’च्या मुळाशी ऐकणे आहे, पूर्वी हिशेब मोठ्याने वाचून तपासले जात. ‘बॅलट’ म्हणजे गुप्त मतदानासाठी वापरावयाची छोटी गोळी.

या युक्तीने अर्थ आठवतो. स्पेलिंग, शुद्ध उच्चार व वाक्यातील उपयोग येत नाही. त्यासाठी शब्द वाक्यात बोलवून घ्यावा लागतो. फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाच शब्द लिहावेत आणि तेच दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा विचारावेत.