काढायचं कोणतं पुसेगाव?

पुणे, पुसद, पुसेगाव, पूर्णा. गावांची यादी अशी अकारविल्हे लावली की गाव चटकन सापडतं. संगणकात अशा यादीला 'सॉर्टेड मॅप' म्हणतात. प्रत्येक नोंदीला एक 'की', तिच्यासमोर माहिती आणि सगळ्या नोंदी कीच्या क्रमाने. खरा कस लागतो तो नोंद काढताना.

पहिली अडचण नावाची. एक पुसेगाव हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यात, तर दुसरं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं, साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. जावाच्या ट्रीमॅपमध्ये 'पुट' वापरून दुसरं पुसेगाव भरलंत, तर पहिल्याची माहिती बिनबोभाट जाते. सी प्लस प्लसचा मॅप 'इन्सर्ट' करताना दुसऱ्याला आतच घेत नाही. दोघांना सामावून घेणारा मल्टिमॅप आहे, पण 'इरेज'ला नुसतं 'पुसेगाव' सांगितलं की दोन्ही गावं गायब! एकच काढायचं तर आधी ती नेमकी नोंद शोधून तिचा इटरेटर, म्हणजे तिच्यावर ठेवलेलं बोट, द्यावा लागतो. सरकारने प्रत्येक गावाला वेगळा कोड दिलाय तो उगाच नाही. की म्हणून तोच घ्यावा.

दुसरी अडचण जास्त फसवी. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. समजा, परभणीच्या यादीतून हिंगोलीकडे गेलेली गावं लूप लावून काढायची आहेत. जावाच्या फॉर-ईच लूपमध्ये थेट 'रिमूव्ह' केलंत, तर पुढच्याच फेरीला बहुधा 'कन्करंट मॉडिफिकेशन'ची एरर येते. नाव ऐकून नवशिके दोन थ्रेडची भांडणं शोधत बसतात. थ्रेड मात्र एकच असतो. चालू यादीत इटरेटरला न विचारता हात घातला, एवढीच तक्रार असते. इटरेटरचंच 'रिमूव्ह' वापरा, किंवा 2014च्या जावा 8पासून मिळणारं 'रिमूव्हइफ'.

सी प्लस प्लस तर तक्रारही करत नाही. काढलेल्या नोंदीवरचा इटरेटर निकामी होतो, आणि तोच पुढे सरकवला तर काय होईल याची हमी नाही. कधी प्रोग्राम कोसळतो, कधी चालल्यासारखा वाटतो. हे दुसरं जास्त वाईट. 2011च्या मानकापासून 'इरेज' पुढच्या नोंदीचा इटरेटर परत देतं, तो धरून पुढे जावं. 2020च्या मानकात 'इरेज-इफ'ही आलं.

एवढा नखरा कशासाठी? आत बहुधा रेड-ब्लॅक ट्री असतं. नोंद गेली की फांद्या फिरवून तोल सावरावा लागतो. त्या बदल्यात लाखभर नोंदींतही तीस-पस्तीस तुलनांच्या आत काम होतं. डॉटनेटच्या सॉर्टेडलिस्टमध्ये साधा ॲरे असतो, तिथे मधली एक नोंद काढली की मागच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. यादी मोठी आणि काढघाल सतत असेल, तर सॉर्टेडलिस्टच्या वाटेला जाऊ नये.

सातबाऱ्यावर मात्र जुनं नाव काढूनच टाकत नाहीत. फेरफार मंजूर झाला की ते कंसात जातं. कॅसँड्रासारखे डेटाबेसही नोंद लगेच न पुसता 'टूमस्टोन'ची खूण करतात आणि ती मुळातल्या सेटिंगप्रमाणे किमान दहा दिवस ठेवतात.