दरोडेखोराच्या अंगावर राजाचे चिलखत

संगणकावरील कल्पनारम्य खेळांत तलवारीची धार आणि चिलखताची मजबुती ठरते ती आकड्यांवर. हे आकडे बिनसले की खेळातील रस ओसरतो. निर्मात्या कंपनीने ठरवलेले आकडे स्वतःच दुरुस्त करणाऱ्या हौशी 'मॉडर' मंडळींनी गेल्या दोन दशकांत या कामाचे जणू एक शास्त्रच उभे केले आहे.

निर्जन रस्त्यावर एक दरोडेखोर आडवा येतो आणि १०० सुवर्णमुद्रांची मागणी करतो. त्याच्या अंगावरील चिलखताची किंमत मात्र हजारो मुद्रा असते. ते विकले असते तर त्याला वाटमारी करण्याची गरजच उरली नसती! बेथेस्डा या अमेरिकी कंपनीच्या 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतील 'ऑब्लिव्हियन' हा गेम मार्च २००६ मध्ये बाजारात आला, तेव्हा हे दृश्य खेळाडूंच्या चेष्टेचा विषय झाले होते. या विनोदामागे खेळाच्या रचनेतील एक गंभीर अडचण दडलेली होती.

अडचण कोठे होती?

अशा गेममध्ये खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो. लढाया जिंकत, कामगिऱ्या पार पाडत तो पातळीमागून पातळी चढतो आणि अधिक चांगली शस्त्रे मिळवतो. खेळाडूने विस्तीर्ण नकाशावर केव्हाही, कोठेही जावे आणि तरीही लढत फार सोपी किंवा फार अवघड होऊ नये, अशी 'ऑब्लिव्हियन'च्या निर्मात्यांची इच्छा होती. त्यासाठी खेळाडूची पातळी वाढली की शत्रूंचे बळही वाढेल, अशी योजना करण्यात आली. तिला 'लेव्हल स्केलिंग' म्हणतात. कोणत्या पातळीला कोणती वस्तू शत्रूच्या अंगावर किंवा पेटीत सापडावी, याच्या याद्या गेममध्ये असतात. या याद्यांमुळेच खेळाडू वरच्या पातळीवर पोहोचताच साधे लुटारूही दुर्मिळ हिरव्या 'काचे'च्या चिलखतात दिसू लागले.

परिणाम उलटा झाला. खेळाडू कितीही बलवान झाला तरी जग त्याच्याबरोबरच चढत राहिले. जे चिलखत मिळवण्यासाठी धडपड करावी, ते रस्तोरस्ती मिळू लागले. शिवाय काही कामगिऱ्यांत बक्षीस मिळणारी जादूची तलवार खेळाडूच्या त्या वेळच्या पातळीनुसार ठरत असे आणि पुढे कायम तशीच राहत असे. कामगिरी लवकर पार पाडणाऱ्याच्या पदरी दुबळी तलवार पडे. म्हणजे उत्साहाला शिक्षा आणि आळसाला बक्षीस!

याच मालिकेतील २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये चित्र वेगळे होते. तेथे अनेक मौल्यवान वस्तू विशिष्ट जागी हाताने ठेवलेल्या होत्या. 'डेड्रिक' या सर्वोच्च दर्जाच्या जड चिलखताचा छातीवरचा भाग मूळ गेममध्ये एकाच वृद्ध जादूगाराच्या अंगावर होता. अशी वस्तू हाती आली की खेळाडूला तिची कहाणी सांगता येत असे.

आकड्यांची दुरुस्ती

'मॉरोविंड'च्या संगणकीय आवृत्तीबरोबर कंपनीने गेममध्ये बदल करण्याचे साधनही दिले होते. 'ऑब्लिव्हियन'साठी ते विनामूल्य उपलब्ध झाले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या 'स्कायरिम'साठी फेब्रुवारी २०१२ मध्ये 'क्रिएशन किट' या नावाने प्रसिद्ध झाले. या साधनाने मूळ फाइलला हात न लावता वेगळी छोटी फाइल तयार करता येते. गेम सुरू होताना ती मूळ नोंदींवर आपले आकडे चढवते. हाच 'मॉड'. तो काढून टाकला की मूळ आकडे पुन्हा लागू होतात.

'स्कायरिम'मधील लोखंडी तलवारीचा मूळ आघात ७, वजन ९ आणि किंमत २५ मुद्रा आहे. डेड्रिक तलवारीचे हेच आकडे १४, १६ आणि १२५० आहेत. आघात दुप्पट, पण किंमत पन्नासपट. हे प्रमाण योग्य की अयोग्य, याचे उत्तर त्या दोन ओळींत मिळत नाही. ती तलवार किती सहज मिळते, तिला भट्टीवर आणखी किती धार लावता येते आणि समोरच्या शत्रूची सहनशक्ती किती, यावर ते अवलंबून असते.

चिलखताचे गणित आणखी फसवे आहे. 'स्कायरिम'मध्ये चिलखत जास्तीत जास्त ८० टक्के आघात अडवू शकते. आघात शंभराचा असेल आणि संरक्षण शून्यावरून १० टक्क्यांवर गेले, तर इजा १०० वरून ९० होते. फरक फारसा जाणवत नाही. पण संरक्षण ७० वरून ८० टक्क्यांवर गेले, की इजा ३० वरून २० वर येते, म्हणजे एकतृतीयांशाने घटते. वरच्या टोकाला प्रत्येक गुण अधिकाधिक मोलाचा ठरतो. त्यात लोहारकाम, मंत्रसंस्कार आणि औषधिविद्या या तिन्ही कौशल्यांची सांगड घातली, की साध्या प्रतीचे चिलखतही या मर्यादेला भिडते. मग डेड्रिक चिलखताचा शोध घ्यायचा कशासाठी?

असे प्रश्न कंपनीलाही टाळता आले नाहीत. सुरुवातीला शेकडो स्वस्त लोखंडी खंजीर घडवून लोहारकामात पारंगत होता येत असे. २०१२ मधील एका सुधारणेने घडवलेल्या वस्तूची किंमतही हिशेबात धरली जाऊ लागली आणि ही पळवाट आक्रसली.

एक धागा ओढला की...

मॉडरपुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला, वस्तूचे आकडे बदलणे. दुसरा, वस्तू कोठे व केव्हा सापडेल याच्या याद्या बदलणे. तिसरा, ती घडवण्याचे नियम कडक करणे. पहिला मार्ग सर्वांत सोपा दिसतो; पण चिलखत मजबूत केले तर ते घालणारा शत्रूही चिवट होतो आणि लढाई कंटाळवाणी लांबते. म्हणूनच अनेक अनुभवी मॉडर याद्यांना प्राधान्य देतात. 'मॉरोलूट' या 'स्कायरिम'च्या मॉडने उंची शस्त्रे सर्वसाधारण याद्यांतून काढून मोजक्या जागी ठेवली आणि 'मॉरोविंड'मधील दुर्मिळता परत आणली. 'रेक्विएम'ने तर शत्रूंचे बळ खेळाडूच्या पातळीपासूनच तोडले. चुकीच्या गुहेत लवकर शिरल्यास तेथे मरण अटळ असते, पण तयारी करून परतल्यावर मिळणारा विजय खेळाडूचा स्वतःचा असतो.

दोन मॉड एकाच तलवारीला हात लावतात तेव्हा वेगळाच पेच उभा राहतो. अशा वेळी सर्वांत शेवटी चढणाऱ्या मॉडचा आकडा ग्राह्य धरला जातो आणि आधीच्या मॉडची मेहनत मुकाट्याने पुसली जाते. त्यामुळे मॉडचा क्रम लावणे आणि दोघांमध्ये तडजोड घडवणारी आणखी एक फाइल तयार करणे, हा या छंदाचा अविभाज्य भाग बनला आहे.

श्रम कोणाचे, मोल कोणाचे?

हे काम बहुतांश हौसेचे आणि विनामोबदला चालते. त्याची दखल उद्योगानेही घेतली. 'ऑब्लिव्हियन'ची सर्वांगीण फेररचना करणारा, 'ऑस्कुरो' या टोपणनावाने ओळखला जाणारा मॉडर पुढे ऑब्सिडियन कंपनीत 'फॉलआउट : न्यू वेगास' (२०१०) या गेमवर काम करू लागला. त्या गेमचे दिग्दर्शक जोशुआ सॉयर यांनीही नंतर स्वतःचा मॉड प्रसिद्ध केला आणि पात्राला वाहून नेता येणारे वजन त्यात घटवले. प्रसिद्ध झालेले आकडे अखेरचे नसतात, याची ही निर्मात्याकडूनच मिळालेली कबुली म्हणता येईल.

एप्रिल २०१५ मध्ये मात्र वादाला तोंड फुटले. व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा या कंपन्यांनी 'स्कायरिम'चे मॉड पैसे घेऊन विकण्याची सोय केली. विक्रीतील केवळ २५ टक्के वाटा मॉडरला मिळणार होता. एकमेकांच्या कामावर उभ्या राहिलेल्या मॉडमध्ये पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्नही होताच. तीव्र विरोधानंतर अवघ्या चार दिवसांत योजना मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये बेथेस्डाने 'क्रिएशन क्लब' सुरू करून वेगळ्या वाटेने सशुल्क मॉड आणले, तेव्हाही नाराजीचे सूर उमटलेच.

हे खेळ एकट्याने खेळायचे असल्याने येथे कोणी कोणावर अन्याय करत नाही. एखाद्याला पहिल्याच दिवशी अजिंक्य व्हायचे असेल, तर त्यासाठीही मॉड आहेत. तरीही असंख्य खेळाडू स्वतःचा खेळ मुद्दाम अवघड करून घेतात, ही बाब बोलकी आहे. मेहनतीने मिळवलेली वस्तू वाटमाऱ्याच्याही अंगावर दिसू लागली, की मेहनतीचे मोल संपते. मॉडर जपू पाहतात ते हेच मोल. तलवारीपुढचा आकडा हे केवळ त्याचे साधन.