मंगळावर बिऱ्हाड

मराठी घरात मंगळाचे नाव निघते ते बहुधा लग्नाच्या बोलण्यात. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी हा ग्रह बसलेला दिसला, की मुलीच्या बापाचा चेहरा उतरतो. आमच्याच नात्यातल्या एका हुशार मुलीची चार-पाच स्थळे केवळ ‘कडक मंगळ’ म्हणून परत गेली. मुलगी बघायलासुद्धा कोणी आले नाही. पाच-साडेपाच कोटी किलोमीटरपेक्षा कधी जवळ न येणाऱ्या एका गोळ्याने अंधेरीतल्या दोन खोल्यांच्या घरात एवढी उलथापालथ करावी, याचे मला तेव्हाही नवल वाटत असे.

आता हाच मंगळ वेगळ्या कारणाने घरात शिरला आहे. तिथे माणसांची वसाहत करायची, हे उद्दिष्ट ठेवून एलॉन मस्क यांनी २००२ साली कंपनी काढली, आणि तेव्हापासून ‘आपण मंगळावर राहायला जाणार का?’ हा प्रश्न शाळकरी मुलेही विचारू लागली. प्रश्न गमतीचा नाही. मूल तो विचारते, तेव्हा ‘ही पृथ्वी बिघडली तर दुसरी आहे ना?’ असेही त्याला विचारायचे असते. त्याला उत्तर मिळायला हवे.

मी शास्त्रज्ञ नाही. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यातली बरीच उपनगरांतल्या शाखांत, गृहकर्जाच्या टेबलावर. बोरिवलीच्या पलीकडे, मुलुंडच्या टोकाला इमारती उठत होत्या. गिरगाव, परळच्या चाळींतली माणसे तिकडे घर घ्यायला निघत आणि आम्ही कर्ज मंजूर करण्याआधी जागेची पाहणी करायला जात असू. माहितीपत्रकावर बाग, कारंजे, हसरी मुले. प्रत्यक्षात चिखल. त्यामुळे एक सवय जडली. माहितीपत्रक मिटून ठेवायचे आणि चार साधे प्रश्न विचारायचे. जागा कोणाच्या नावावर? पाणी येते का? जायला-यायला काय? आणि उद्या काही झाले तर जवळ कोण आहे? मंगळाचा प्रस्तावही याच रीतीने तपासून पाहू.

आधी शेजारच्या दुसऱ्या जागेचा निकाल लावू. शुक्र आकाराने पृथ्वीसारखा, दिसायला देखणा. पण तिथले तापमान सुमारे ४६० अंश सेल्सिअस, म्हणजे शिसे वितळेल इतके. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक. तो अर्ज पहिल्याच पानावर नामंजूर.

मंगळाचे तसे नाही. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. म्हणजे सकाळच्या चहाची वेळ फारशी चुकणार नाही. अक्ष आपल्याप्रमाणेच कललेला असल्याने ऋतूही आहेत. वर्ष मात्र ६८७ दिवसांचे. जमीन खडकाळ आणि लाल. तो लाल रंग गंजलेल्या लोखंडाचा. माथेरानची लाल माती पायाला लावून घरी आलेल्याला तो परका वाटू नये. उन्हाळ्यात विषुववृत्ताजवळ दुपारी पारा २० अंशांपर्यंत चढतो. त्याच जागी रात्री मात्र तो शून्याखाली सत्तरच्याही खाली जातो. एका दिवसात महाबळेश्वर आणि अंटार्क्टिका.

पाणी आहे. ध्रुवांवर बर्फाच्या टोप्या आहेत आणि जमिनीखालीही बर्फ आहे. २००८ साली फिनिक्स या यानाने माती खरवडली, तेव्हा खाली पांढरा थर दिसला आणि त्यातले काही तुकडे चार दिवसांत नाहीसे झाले. ते वितळले नाहीत, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांसारखे थेट हवेत विरले. हवा इतकी विरळ, की तिथे उघड्यावर पाणी पाणी म्हणून टिकतच नाही.

आणि हवेपाशीच हा प्रस्ताव अडतो. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. एव्हरेस्टच्या शिखरावर तो आपल्या तुलनेत एक तृतीयांश असतो, आणि तिथेच माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. मंगळावर पोशाखाविना उभ्या असलेल्या माणसाची शुद्ध काही सेकंदांत हरपेल. शिवाय त्या हवेचा ९५ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड. त्यातून प्राणवायू काढता येतो का? येतो. २०२१ च्या फेब्रुवारीत उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर मॉक्सी नावाचे एक यंत्र होते. २०२३ पर्यंत ते सोळा वेळा चालवले आणि एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला. विज्ञान म्हणून ही मोठी कामगिरी आहे. पण बँकेतली सवय म्हणून मी भागाकार केला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे दोन वर्षांतल्या या सोळा खेपांच्या कमाईवर एक माणूस साडेतीन तास श्वास घेईल. ते यंत्र लहान होते, मोठे बांधता येईल, हे खरे. पण ज्या घरात श्वासासाठीही यंत्र चालू ठेवावे लागते, तिथे वीज गेली तर काय होईल, हे लोडशेडिंग सोसलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. तिथे सूर्यप्रकाश आपल्या निम्म्याहून कमी, आणि धुळीची वादळे कधीकधी अख्खा ग्रह झाकतात. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ऑपर्च्युनिटी ही गाडी चौदा वर्षे इमानाने चालली आणि २०१८ च्या तशाच एका वादळात कायमची गप्प झाली.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. पृथ्वीला चुंबकीय कवच आणि जाड हवेचे पांघरूण आहे. मंगळाचे कवच अब्जावधी वर्षांपूर्वी गेले आणि मग सौरवाऱ्याने त्याची हवाही हळूहळू ओरबाडून नेली. क्युरिऑसिटी गाडीच्या मोजणीनुसार, पृथ्वीवर सर्वसाधारण माणसाला वर्षभरात जेवढे नैसर्गिक किरणोत्सर्जन सोसावे लागते, तेवढे मंगळावर चार दिवसांत वाट्याला येते. म्हणून तिथे राहायचे तर काचेच्या घुमटात नव्हे, खडकाच्या पोटात. जुन्या लाव्हाने मागे सोडलेल्या बोगद्यांचा विचार शास्त्रज्ञ करतात तो यासाठीच.

खडकाच्या पोटात राहिलेली माणसे आपल्याला काही परकी नाहीत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. शतकानुशतके तिथे भिक्षू राहिले. कातळात खोली, खोलीत दगडाचाच ओटा, आणि लेण्यांच्या दाराशी पावसाचे पाणी साठवणारे टाके. डोंगरावरचे पाणी वाया न घालवता टाक्यात वळवणारे ते पाट आजही पाहावेत. मंगळावरच्या पहिल्या वस्तीचा नकाशा कोणी मला मागितला, तर मी त्याला कान्हेरीला नेईन.

पण तिथले शिलालेखही दाखवीन. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी भिक्षूंसाठी दिलेल्या देणग्या त्यांत कोरल्या आहेत. त्यांतल्या काही ‘अक्षयनीवी’ आहेत, म्हणजे मूळ रक्कम न मोडता तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवरांचा, पादत्राणांचा खर्च भागवायचा. आमच्या भाषेत कायमची मुदत ठेव! जगाचा त्याग करून डोंगरात गेलेल्यांनाही खालच्या बंदरांचा आणि बाजारपेठांचा आधार लागत होता. कल्याण तिथून एक-दोन दिवसांच्या वाटेवर होते. मंगळाला जायचे तर सोयीची वेळ सव्वीस महिन्यांतून एकदा येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. तिथे एखादा पंप बिघडला, तर सुटा भाग पुढच्या खेपेला. हृदयविकाराचा झटका आला आणि पृथ्वीवरच्या डॉक्टरला विचारले, तर प्रश्न पोचायलाच तीन ते बावीस मिनिटे, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच.

आपले सारे आपणच पिकवू, असे म्हणावे, तर तोही प्रयोग झालेला आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात आठ माणसे बायोस्फिअर-२ नावाच्या मोठ्या काचघरात दोन वर्षांसाठी बंद झाली. आत शेत, जंगल, छोटासा समुद्र. सुमारे सोळा महिन्यांत आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४-१५ टक्क्यांवर आला. मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी भिंतींचे काँक्रीट शोषून घेत होते. अखेर १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. हे घडले पृथ्वीवर, आणि बाहेरची हवा भिंतीपलीकडे हाकेच्या अंतरावर असताना. मंगळाच्या मातीत तर पर्क्लोरेट नावाची क्षारद्रव्ये आहेत. ती थायरॉइड ग्रंथीला घातक. माती धुऊन घ्यावी लागेल, म्हणजे पुन्हा पाणी आले.

माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न याहून घरगुती आहे. मंगळाचे गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. इथे साठ किलो भरणारा माणूस तिथे तेवीस भरेल. ऐकायला बरे वाटते. पण वजनरहित अवस्थेत अंतराळवीरांची हाडे महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतात. ३८ टक्क्यांत वाढणाऱ्या गर्भाचे, रांगणाऱ्या बाळाच्या कण्याचे काय होईल? पृथ्वीबाहेर आजवर एकही मूल जन्मलेले नाही. चार माणसे जाऊन राहिली, तर तो तळ. जिथे बाळंतपणे होतात, नातवंडे वाढतात, ती वसाहत. आणि तिथे वाढलेले मूल पुढे कधी पृथ्वीवर आले, तर इथले वजन त्याच्या हाडांना पेलेल का? ते कर्ज आपण घेणार आणि फेडायचे त्या न विचारलेल्या मुलाने.

राहिला जागेच्या मालकीचा प्रश्न. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला तिथल्या जमिनीवर सार्वभौम हक्क सांगता येत नाही. भारतही त्या कराराने बांधलेला आहे. बँकेच्या भाषेत, टायटल क्लिअर नाही.

म्हणून मंगळाचा नाद सोडावा का? मुळीच नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचले. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. सहा महिन्यांसाठी पाठवलेल्या त्या यानाशी संपर्क तुटला तो २०२२ मध्ये. त्या मोहिमेतल्या इंजिनाचे काम घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात झाले होते. लोकलच्या दारात उभे राहून रोज त्या बाजूने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मंगळाकडे पाहिले, की आपलीच जमीन नव्याने दिसते, हा मला त्यातला मोठा लाभ वाटतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, सुमारे दोनशे फूट उंच काळ्या खांबांचा उभा कडा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होत गेलेल्या लाव्हाची. २००९ साली शास्त्रज्ञांनी मंगळावरही असेच खांबांचे खडक असल्याचे छायाचित्रांसह दाखवून दिले. बुलढाण्याचे लोणार विवर बेसॉल्ट खडकात झालेल्या उल्कापाताचे. मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारे तिकडे येतात तेही याच नात्याने. आपण मात्र गिल्बर्ट टेकडी चहूबाजूंनी फोडून तिच्या खडीची घरे बांधली. उरलेला सुळका इमारतींच्या गर्दीत उभा आहे, माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे म्हणून निदान पायऱ्यांवर वर्दळ तरी आहे.

तेव्हा प्रस्तावावर माझा शेरा असा. पाहणीसाठी, अभ्यासासाठी, अंटार्क्टिकावर जातो तसे चार-सहा धाडसी लोकांनी जाऊन परत येण्यासाठी मंजुरी द्यावी, आणि त्यांत एखादी मराठी मुलगी असावी. तिच्या पत्रिकेत मंगळ असला तर उत्तमच. राहत्या घराला पर्याय म्हणून मात्र हा अर्ज टिकत नाही. विचारणाऱ्या मुलाला तसे स्पष्ट सांगावे. ‘जाऊन ये, पण घर हेच आहे,’ असे म्हणावे, आणि येत्या रविवारी त्याला गिल्बर्ट टेकडीवर न्यावे. सकाळी लवकर जा; नंतर पायऱ्या तापतात.