गडद काच डोळे वाचवेलच असे नाही

सूर्यग्रहण आले की घराघरांतून जुन्या एक्स-रे फिल्म, काजळी धरलेल्या काचा आणि काळे गॉगल बाहेर निघतात. त्यांतून सूर्य मंद दिसतो, म्हणजे त्याचा जोर संपला, असे आपण धरून चालतो. हा समज डोळ्यांना महाग पडू शकतो.

हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरवरून २ लाखांवर येतो. पण वेग घटला म्हणजे ऊर्जा गेली असे नव्हे. काचेबाहेर पडताच तो वेग पूर्ववत होतो. ऊर्जा कमी होते ती पदार्थ प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो तेव्हा. शोषलेल्या ऊर्जेची उष्णता होते, म्हणून काळी काच उन्हात लवकर तापते.

मात्र सगळे किरण सारखेच शोषले जात नाहीत. समुद्रात तांबडा रंग वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोहोचतो. गडद दिसणाऱ्या अनेक पदार्थांचेही तसेच. ते दिसणारा प्रकाश अडवतात, पण न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळदा सोडून देतात. सूर्य मंद वाटल्याने आपण टक लावून पाहतो, डोळ्याची बाहुलीही मोठी होते. आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. नुकसान उमगते ते काही तासांनी.

मग पाहायचे कसे? आयएसओ १२३१२-२ या मानकाचा, ओरखडा नसलेला ग्रहण-चश्मा वापरावा. तो दिसणाऱ्या प्रकाशाचा ३० हजारांतला एक भागही आत येऊ देत नाही. तो लावूनही दुर्बिणीतून पाहू नये.

बिनखर्चाचा मार्गही आहे. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडावे, सूर्याकडे पाठ करावी आणि भोकातून येणारी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घ्यावी. बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ग्रहणाच्या अशाच प्रतिमेवर स्वतंत्र प्रबंध लिहिला होता.

२ ऑगस्ट २०२७ रोजी मक्का व जेद्दा येथून खग्रास, तर मुंबईतून खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळी ढगांनी वाट दिली, तर कुसूफची नमाज अदा करून गच्चीवर येणाऱ्या मुलांच्या हाती आपण काळी काच नव्हे, भोक पाडलेला पुठ्ठा देऊ या.