काटकसर होती, तारण नव्हतं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या धंद्यांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘त्यांना बचतीची सवयच नाही’ हे एक. ‘आपापली दुकानं काढली की प्रश्न मिटला’ हे दुसरं. पहिलं साफ खोटं आहे, दुसरं अर्धंच खरं.

गैरसमज : बचत केलीच नाही.

गुलामी संपली त्याच वर्षी, 1865 मध्ये, अमेरिकी संसदेच्या सनदेने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. कालपर्यंत ज्यांची स्वतःचीच खरेदी-विक्री होत होती, ती माणसं तिथे पै-पैसा साठवू लागली. कारभाऱ्यांनी तो रेल्वेच्या आणि सट्ट्याच्या कर्जांत घातला, 1873 ची मंदी आली आणि पुढच्याच वर्षी बँक बुडाली. बुडण्याआधी काही महिने अध्यक्षपद गुलामीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या गळ्यात घातलं गेलं. त्यांनी पदरचे 10 हजार डॉलरही ओतले. 61 हजारांवर खातेदारांचे सुमारे 30 लाख डॉलर अडकले. एवढं होऊनही 1903 मध्ये रिचमंडमध्ये मॅगी लीना वॉकर यांनी पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. त्यांची आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची.

गैरसमज : धंदा फक्त श्रीमंत होण्यासाठी.

मला यात जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसाने मतदार यादीत नाव घालायचा प्रयत्न केला, तर त्याची नोकरी जाऊ शकत असे, कुळ असेल तर जमीन सुटत असे. पण न्हावी, केशभूषा करणाऱ्या बायका, अंत्यविधीचा व्यवसाय करणारे यांचं गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतलं. त्यांना कामावरून काढणार कोण? केसांच्या प्रसाधनांवर मोठ्या झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांच्या विक्रेत्या 1917 मध्ये अधिवेशनाला जमल्या, तेव्हा त्यांनी झुंडबळींच्या निषेधाची तार थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना केली. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या नागरी हक्क आंदोलनाचा मुक्काम कृष्णवर्णीय उद्योजक ए. जी. गॅस्टन यांच्या मोटेलमध्ये होता. तिथे बॉम्बस्फोटही झाला. आपल्याला हे परकं वाटू नये. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण करणारे जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते.

गैरसमज : टल्साचं ग्रीनवुड 1921 मध्ये जळालं आणि संपलं.

जळालं हे खरं. 31 मे आणि 1 जूनला गोऱ्या जमावाने टल्सा शहरातल्या या कृष्णवर्णीयांच्या व्यापारी वस्तीतले सुमारे 35 ब्लॉक बेचिराख केले. ‘दंगलीची भरपाई नाही’ या कलमावर बोट ठेवून विमा कंपन्या मोकळ्या झाल्या. पुन्हा बांधता येऊ नये म्हणून शहराने बांधकामाचे कडक नियम काढले, बी. सी. फ्रँकलिन या वकिलांनी तंबूत कचेरी थाटून त्या नियमांविरुद्ध लढा दिला आणि ते कोर्टात टिकले नाहीत. वस्ती उभी राहिली. 1925 मध्ये नॅशनल निग्रो बिझनेस लीगचं अधिवेशन तिथेच भरलं. पुढे साठच्या दशकापासून महामार्ग आणि ‘शहर नूतनीकरण’ यांनी तिचा कणा मोडला. आग सगळ्यांच्या लक्षात राहते, बुलडोझर राहत नाही.

गैरसमज : ‘डॉलर त्यांच्या वस्तीत सहा तासही टिकत नाही.’

भाषणांत हे वाक्य फार चालतं. त्यामागे कुठलाही धड अभ्यास नाही.

मग अडलं कुठे? तारणात. धंद्याच्या कर्जाला बहुधा घर तारण ठेवतात, आणि 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या गेल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल झालं. घर नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून दुकान लहानच राहिलं. आज लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 14 टक्के आहेत, पण पगारी माणसं ठेवणाऱ्या उद्योगांपैकी त्यांच्या मालकीचे सुमारे 3 टक्केच. 2022 च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता 2 लाख 85 हजार डॉलर होती, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची 45 हजारांच्या आत.