चंद्राभोवती फिरलेली डार्करूम

संपादकांना चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यावर लेख हवा होता. शंभर किलोमीटरवरून २५ सेंटिमीटरचा तपशील टिपणारा कॅमेरा आहे तो. पण मागचा इतिहास चाळताना लूनर ऑर्बिटरपाशी अडकलो, तो अडकलोच.

अपोलोला उतरायला सपाट जागा हव्या होत्या, म्हणून नासाने ऑगस्ट १९६६ ते ऑगस्ट १९६७ या काळात लूनर ऑर्बिटर नावाची पाच यानं धाडली. पाचांनी मिळून चंद्राचा ९९ टक्के पृष्ठभाग टिपला. अधिकृत इतिहास एवढाच. खरी गंमत कोडॅकच्या कॅमेऱ्यात आहे, कारण त्यात चक्क फिल्म होती! ७० मिलिमीटर रुंदीचा रोल, आणि तो धुवायचा यानातच.

तिथे डेव्हलपरचं तसराळं कुठून आणणार? रसायनात भिजवलेली ‘बायमॅट’ नावाची दुसरी पट्टी फिल्मवर दाबली जाई. निगेटिव्ह तयार झाली की तापलेल्या ढोलावर सुकायची. मग प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका तिच्यावरून फिरे आणि उजेड-अंधाराचे संकेत रेडिओने पृथ्वीवर येत. मोठ्या आणि लहान भिंगांनी एकदम टिपलेल्या एका जोडचित्राला ४३ मिनिटं लागत.

यान सेकंदाला जवळपास दोन किलोमीटर वेगाने धावत असे. चित्र फरफटू नये म्हणून उघडझापीच्या क्षणी फिल्मही त्याच हिशेबाने सरकवली जाई. पहिल्या यानात मोठ्या भिंगाची झडप भलत्याच क्षणी उघडली आणि बारीक तपशिलाची चित्रं पुसट आली.

बायमॅटचा हट्ट वेगळाच. एका जागी फार वेळ राहिली की ती सुकायची, चिकटायची. म्हणून गरज नसतानाही फोटो काढून रोल पुढे ढकलावा लागे. कोपर्निकस विवराचं २४ नोव्हेंबर १९६६ चं ते तिरकं, गाजलेलं चित्र अशाच भरतीच्या फोटोंपैकी. ९३ किलोमीटर रुंदीच्या विवरातले डोंगर त्यात पहिल्यांदा उभे दिसले. मला तर ठरवून काढलेल्या कित्येक चित्रांपेक्षा हेच जास्त आवडतं.

फोटो संपले की बायमॅट कापायची आणि फिल्म उलट ओढत सगळी वाचायची. तिसऱ्या यानात फिल्म सरकवणारी यंत्रणा आधीपासूनच कुरकुरत होती, म्हणून वाचन ठरल्यापेक्षा लवकर सुरू केलं. तरी मार्च १९६७ मध्ये मोटर जळालीच. जवळपास चतुर्थांश चित्रं धुऊन, सुकून रिळावर तयार होती, पण ती कुणालाच पाहता आली नाहीत. ऑक्टोबरात नासाने ते यान त्या फिल्मसकट चंद्रावर आदळवलं.